मैदान पोरींचे, शिट्टी कोणाची?

परवा एका रविवारी आम्ही अकोल्याला गेलो होतो. काम नात्यातल्या लग्नाच्या बोलणीचे होते. बोलणी लवकर आटोपली, आणि वस्तीजवळच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचे सामने चालू आहेत असे कळले, म्हणून पाय तिकडे वळले. मैदान पोरींनी गाजवून सोडले होते. कोणी दालमिलच्या हमालाची लेक, कोणी धुणीभांडी करणाऱ्या बाईची, कोणी नगरपालिकेच्या जुन्या सफाई कामगाराची नात. मांडीवर थाप मारून एकेक पोरगी चढाईला जायची तेव्हा बघणाऱ्याची छाती भरून यायची. आमच्या आजीच्या काळी याच वस्तीतल्या मुलीला पाण्याच्या घागरीशिवाय दुसरे मैदान ठाऊक नव्हते. तिची नात आज रेषा ओलांडून गडी बाद करून परत येते. हे काही कमी नाही.

पण थोड्या वेळाने आमची नजर मैदानावरून बाजूच्या मंडपाकडे गेली. सामन्याचा सरपंच पुरुष. दोन्ही पंच पुरुष. गुणलेखक पुरुष. दोन्ही संघांचे प्रशिक्षक पुरुष. मंचावर आठ खुर्च्या आणि आठही खुर्च्यांवर बंधूच. भगिनी मुळीच नव्हत्या असे नाही. दोघी होत्या, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यापुरत्या. पुष्पगुच्छ देऊन झाला की त्या खाली उतरून सतरंजीवर बसत.

आणखी एक मुलगी होती. वय पंचविशीचे असेल. ती टेबलाच्या कोपऱ्याशी उभी राहून आपल्या वहीत गुण टिपत होती. खुर्चीवर बसलेले गुणलेखक दर दोन मिनिटांनी तिच्या वहीत डोकावत आणि आपला तक्ता दुरुस्त करीत. चौकशी केली तेव्हा कळले की ही मुलगी राज्य पातळीवर खेळलेली आहे, नियमांचे पुस्तक तिला तोंडपाठ आहे. मध्यंतर झाले तसे मंचावरून एका बंधूंनी तिला हाक मारली. आम्हाला वाटले, बहुधा तिचा सत्कार असेल. ते म्हणाले, "बाई, पाहुण्यांच्या चहाचं बघता काय जरा?"

मुलगी वही मिटून चहाचे बघायला गेली. आणि मध्यंतरानंतरच्या पहिल्याच चढाईत गुणांचा घोटाळा झाला.

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रसंग आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. ते मंडळ कष्टकऱ्यांचेच आहे, पदरमोड करून मुलींचे सामने भरवते. त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण त्या चहाच्या हाकेने आमच्या डोक्यात एक प्रश्न घुसवला, तो अजून जात नाही. मैदान पोरींचे झाले, मग शिट्टी कोणाची? खेळायला पोरगी चालते, मग शिकवायला, निवाडा द्यायला, संघ निवडायला आणि संघटनेचा कारभार बघायला बाई का चालत नाही?

आपल्या वऱ्हाडात खेळाची परंपरा लहानसहान नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय अमरावतीत आहे, मुली तिथे शिकतात. अकोल्याची मुष्टियुद्धाची क्रीडा प्रबोधिनी राज्यात नाव राखून आहे. याच अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ साली भारताच्या संघातून क्रिकेट खेळली. याच अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने मे २०२५ मध्ये शांघायला तिरंदाजीच्या विश्वचषक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक घेतले. म्हणजे पोरींच्या अंगात दम नाही, हे आता कोणी म्हणू शकत नाही.

देशाकडे पाहा. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री आपल्याही वस्त्यांतून फटाके वाजले. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. त्यांच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण सहज उलटा विचार करून पाहा. पुरुषांच्या संघाला बाई प्रशिक्षक असे आपल्यापैकी कोणी कधी पाहिले आहे काय? पुरुषाने बाईला शिकवले तर ते आपल्याला रोजच्या व्यवहारासारखे वाटते. बाईने पुरुषाला शिकवले तर ती बातमी होते. आणि बाईने बाईला शिकवायचे म्हटले तरी तिला रांगेत मागे उभे केले जाते.

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा आहे असेही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या जागा स्त्री-पुरुषांना निम्म्या-निम्म्या दिल्या गेल्या. पण त्याच्या आधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जे प्रशिक्षक आले होते, त्यांच्यात बायका शंभरात अवघ्या १३ होत्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती १८९४ साली स्थापन झाली. तिच्यात पहिल्या स्त्री सदस्या यायला १९८१ साल उजाडले, आणि पहिली स्त्री अध्यक्ष, झिम्बाब्वेची जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेंट्री, निवडून आली २० मार्च २०२५ ला. आपली भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ ची. पी. टी. उषा तिच्या अध्यक्ष झाल्या डिसेंबर २०२२ मध्ये. एका खुर्चीपर्यंत बाईला पोचायला ९५ वर्षे लागली. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जी पोरगी काही सेकंदांत धावते, तिला मैदानापासून मंचापर्यंत जायला एवढा वेळ का लागावा?

एका बाईची गोष्ट सांगतो. ती आपल्याच विदर्भाच्या मातीतली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. शैलजा जैन या मूळच्या नागपूरच्या. पुढे नाशिकला राहून त्यांनी भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षक म्हणून वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवली. त्यांच्या हाताखालून किती तरी मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेल्या. भारताच्या महिला संघाला शिकवावे ही त्यांची इच्छा होती. ती संधी त्यांना मिळाली नाही. निवृत्तीनंतर इराणने त्यांना बोलावले. परका देश, वेगळी भाषा, वेगळे जेवण. बाई गेल्या आणि तिथल्या मुलींना त्यांनी घडवले.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी २०१० साली सुरू झाली. २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा सुवर्णपदक भारताचे. २४ ऑगस्ट २०१८ ला जकार्ताला अंतिम सामना झाला, भारत विरुद्ध इराण. इराणने तो २७-२४ असा जिंकला. ज्या बाईला आपण खुर्ची दिली नाही, तिने दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून आपल्यालाच हरवून दाखवले. त्या दिवशी पुष्कळांना वाईट वाटले. आम्हालाही वाटले. पण आम्हाला त्या हरण्यापेक्षा त्याच्या मागच्या कारणाचे वाईट जास्त वाटले. घरातली विहीर बुजवायची आणि शेजाऱ्याच्या मळ्याला पाणी कसे लागले म्हणून कपाळावर हात मारायचा, यात शहाणपण ते कोणते?

आता प्रश्न असा की बाई अडते कुठे? आम्ही अकोल्यात आणि अमरावतीत बऱ्याच खेळाडू भगिनींशी बोललो. त्यांच्या बोलण्यातून चार धोंडे दिसले.

पहिला धोंडा आपल्याच उंबरठ्यात आहे. मुलगी शाळा-कॉलेजात खेळते तोवर घरचे टाळ्या वाजवतात. वीस-बावीस वर्षांची झाली की खेळ सुटतो. मुलगा खेळायचा थांबला तर तो पंच होतो, प्रशिक्षक होतो, मंडळाचा सचिव होतो. मुलगी खेळायची थांबली की सून होते. पुढे मैदानाची वेळ आणि चुलीची वेळ एकच. सकाळी सहाला सराव, तेव्हाच नळाला पाणी. संध्याकाळी पाचला सराव, तेव्हाच भाकरी. सामने रात्री विजेच्या दिव्यांत चालतात आणि गावाकडची शेवटची एस. टी. आधीच निघून गेलेली असते. अमरावतीच्या एका भगिनीने सांगितले की तिने पंचाची परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली, पण तिला नेहमी सकाळचे, लहान मुलींचे सामने देतात. अंतिम सामना रात्री असतो, आणि "ताई, तुम्हाले घरी जायाले उशीर होईन" असे म्हणून तो दुसऱ्याला देतात. बोलणाऱ्याच्या मनात काळजी असेलही. पण त्या काळजीने तिची बढती खाल्ली. तिला घरापर्यंत सोडायची व्यवस्था करा, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

दुसरा धोंडा पैशाचा. प्रशिक्षक म्हणून नोकरी हवी असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका लागते, असे जाहिरातीत बहुधा लिहिलेले असते. ती एका वर्षाची. म्हणजे एक वर्ष घर सोडून पंजाबात राहायचे, फी भरायची, जेवणाखाण्याचे बघायचे, आणि तेवढे दिवस मजुरी बुडवायची. कष्टकऱ्याच्या घरी पोराला पाठवायचे तरी कर्ज काढावे लागते. पोरीसाठी कर्ज काढायचे म्हटले की लोक विचारतात, "लग्नाले ठेवले काय?" इकडे वस्तीत शिकवायचे काम बिनपगारी. शाळेत खेळाचे तास मिळाले तर तासिका तत्त्वावर, सुट्टी लागली की पैसे बंद. ज्याच्या घरी खाऊन-पिऊन बरे आहे तोच दहा वर्षे फुकट राबू शकतो, आणि जो दहा वर्षे दिसतो तोच पुढे पदाधिकारी होतो.

तिसरा धोंडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त लागतो. खेळाच्या संघटनेत माणूस वर कसा जातो हे आपल्या बायांना कोणी सांगतच नाही. वस्तीत क्रीडा मंडळ असते. त्या मंडळांची मिळून जिल्हा संघटना. जिल्ह्यांचे प्रतिनिधी मिळून राज्य संघटना. राज्यांचे प्रतिनिधी दिल्लीच्या महासंघात मत देतात. आता बघा, खाली वस्तीच्या मंडळातच जर एकही बाई सभासद नसेल, तर वर जायला शिडीची पहिली पायरीच नाही. खेळाडू कितीही मोठी असो, मत मंडळाचे असते, खेळाडूचे नसते. ज्याच्या हाती मंडळाचे रजिस्टर, त्याच्या हाती निवड समिती, त्याच्याच हाती संघाबरोबर कोण जाणार याची यादी.

हे दिल्लीत सगळ्या देशाने पाहिले. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर येऊन बसल्या. आपल्याच महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करावे लागले, एवढी पाळी त्यांच्यावर आली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला महासंघाची निवडणूक झाली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या अनिता श्योराण अध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. मते पडली, त्यांना ७ आणि समोरच्या उमेदवाराला ४०. त्याच दिवशी ऑलिंपिक पदकविजेत्या साक्षी मलिकने आपले बूट काढून टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडल्याचे सांगितले. सगळा देश पोरींच्या बाजूने हळहळत होता, पण हळहळणाऱ्यांना मत नव्हते.

यातूनच चौथा धोंडा कळतो, तो भीतीचा. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींचा संघ जातो तेव्हा सोबत एक बाई "व्यवस्थापिका" म्हणून नेतात. पुष्कळदा ती नावालाच असते. तिला ना खेळ ठाऊक, ना अधिकार. मुलीला काही त्रास झाला, कोणी वावगे वागले, कोणाची पाळी आली, पाय मुरगळला, तर ती कोणाला सांगणार? संघात राहायचे की नाही हे ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची? बाई मंचावर हवी ती शोभेसाठी नव्हे. तिथे आपले ऐकणारी कोणी आहे या भरवशावर गरिबाची आई आपली लेक घराबाहेर पाठवते. आणि आपल्या पोरींना तर दुहेरी पहारा. नाव विचारले की आडनाव विचारतात, आडनाव विचारले की वस्ती विचारतात. मैदानावर जात विसरतात असे म्हणतात. यादी लिहिताना ती आठवते की नाही, हे ज्यांनी भोगले त्यांना विचारा.

यावर काही जण म्हणतात, "बाया पुढेच येत नाहीत, तर आम्ही काय करावे?" काही म्हणतात, "खेळात गुणवत्ता बघावी, तिथे राखीव खुर्च्या कशाला?" ही दोन्ही वाक्ये आपल्या समाजाला नवी नाहीत. आपल्या आजोबांनाही हेच ऐकवले गेले. यांना शिक्षणाची आवड नाही म्हणणारे, आधी शाळेचे दार लावून घेत असत. गुणवत्ता जरूर बघा. पण मग वही बरोबर कोणाची होती आणि खुर्ची कोणाला होती, तेही बघा.

आणि खुर्चीवर बसणे आपल्या बायांना जमणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी नागपूरचा इतिहास आठवावा. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांसमोर भाषण केले. समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत, हे त्यांनी तिथे सांगितले. ते आपण दर जयंतीला ऐकतो. पण त्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी कोण होते हे किती जणांना ठाऊक आहे? त्या होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आपल्या अमरावतीच्या. ८० वर्षांहून अधिक काळापूर्वी अमरावतीची एक दलित स्त्री अखिल भारतीय परिषदेची अध्यक्ष होते, आणि आज एका वस्तीच्या कबड्डी स्पर्धेत बाईला खुर्ची मिळत नाही!

त्या परिषदेतले ठराव तर आजही वाचण्यासारखे आहेत. स्त्रियांनी तिथे गिरणीकामगार बायांसाठी रजा मागितली, नुकसानभरपाई मागितली. बायांच्या कामावर देखरेख करायला बायाच नेमा, अशीही मागणी केली. विधिमंडळात आणि स्थानिक संस्थांत प्रतिनिधित्व मागितले. म्हणजे गिरणीत राबणाऱ्या त्या मायमाउल्यांना नेमके कळले होते की काम आपले असून भागत नाही, कामावर नजर ठेवणारा अधिकारही आपला हवा. मुकादम बाई पाहिजे म्हणणाऱ्या त्या आज्यांच्या नातींनी पंच बाई पाहिजे, प्रशिक्षक बाई पाहिजे म्हटले तर त्यात नवे काय?

राखीव जागेने काय होते हेही आपण पाहिले. १९९३ पासून ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला नवराच सह्या सांगायचा, नवराच सभेला बसायचा. आजही कुठे कुठे तसे चालते. पण किती तरी गावांत बाई आपल्या पायावर उभी राहून कारभार करू लागली. गावाची सरपंच बाई चालते, मग कबड्डीच्या अंगणातली सरपंच बाई का चालू नये?

खेळासाठीही आता कायदा आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ माणसे असावीत आणि त्यांत किमान ४ महिला असाव्यात, असे त्यात आहे. चार म्हणजे निम्म्या नव्हेत, पण शून्य तर नव्हे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या चार खुर्च्यांवर पदाधिकाऱ्यांच्या बायका-मुली आणून बसवल्या, तर चहाची हाकच पुन्हा मंचावरून येईल. आणि दुसरे, ते दिल्लीचे झाले. आपल्या वस्तीत, तालुक्यात, जिल्ह्यात बाई खुर्चीवर बसवायला दिल्लीची वाट बघायचे काही कारण नाही.

मग आपण काय करावे? आम्ही मोठ्या गोष्टी सांगत नाही. जे हातात आहे तेवढेच सांगतो.

एक. संस्था नोंदणीच्या कायद्याप्रमाणे सात माणसे एकत्र आली की मंडळ नोंदवता येते. सात माणसे म्हणजे सात पुरुष असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. आपल्या बुद्धविहारात महिला मंडळे आहेतच. वर्षावासात, जयंतीत, लग्नकार्यात तीच राबतात. त्यातल्या सात जणी उठल्या आणि त्यांनी मुलींचे क्रीडा मंडळ सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवले, तर वस्तीत शिडीची पहिली पायरी तयार झाली. पुढे ते मंडळ जिल्हा संघटनेला जोडून घ्यावे. मंडळ जोडले गेले की मत आले. मत आले की विचारणा सुरू होते. घटना लिहिताना, हिशेब ठेवताना शिकलेल्या मुलींना सोबत घ्यावे. आज बचतगटाचा हिशेब पैशापैशाने ठेवणाऱ्या बायांना क्रीडा मंडळाचे रजिस्टर जड जाणार नाही.

दोन. खेळ सुटलेल्या मुलीला पंचाच्या परीक्षेला बसवा. तिची फी फार नसते, आणि त्यासाठी घर सोडून राहावे लागत नाही. पतियाळाचे वर्ष परवडत नसेल तर तिथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो, तिथून सुरुवात करता येते. जयंतीच्या वर्गणीतून मंडपाचा एक पडदा आणि दोन भोंगे कमी केले, तरी एका मुलीचा खर्च निघेल. बाबासाहेबांच्या नावाने वर्गणी गोळा करतो, तर तिच्यातले चार पैसे एका लेकीला शिकवण्यावर जावेत, याहून चांगले अभिवादन कोणते?

तीन. जी मंडळे स्पर्धा भरवतात त्यांनी एक साधा नियम करावा. मुलींचा सामना असेल तर निदान एक पंच बाई, आणि संघाबरोबर जाणारी बाई खेळ जाणणारी, अधिकार असलेली. अंतिम सामना उजेडी ठेवावा. रात्री ठेवायचाच असेल तर पंच भगिनीला घरी पोचवायची जबाबदारी मंडळाची. आणि चहा कोणीही करावा, पण सामना चालू असताना गुण लिहिणाऱ्या हाताला चहाचे काम सांगू नये.

चार. घरच्या बंधूंनी आठवड्यातले दोन दिवस तरी संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा. यात कमीपणा काय? जो संध्याकाळी भाकरी थापतो, त्याच्या बायकोची शिट्टी मैदानावर वाजते. लग्न जमवताना पोराच्या बापाने पोरीला "स्वयंपाक येतो काय?" हे विचारण्याआधी, पोरीच्या बापाने पोराला विचारावे, "ही मैदानावर जाईन, चालते काय?"

त्या दिवशी सामने संपल्यावर आम्ही त्या वहीवाल्या मुलीच्या घरी गेलो. आई दालमिलमध्ये डाळ निवडायला जाते. नुकतीच कामावरून आली होती, डोक्याच्या फडक्याला अजून भुसा होता. आम्ही विषय काढला. ती म्हणाली, "पोरगी खेळली थे लय झालं बाप्पा. आता लगन करा लागते. शिट्टी वाजोल्यानं पोट भरते काय?"

खोटे कशाला बोला, लगेच उत्तर सुचले नाही. डाळ निवडून जिने पोरीला खेळवले त्या माउलीला आम्ही काय सांगणार? मग आम्ही तिला वृंदा राठी या बाईची गोष्ट सांगितली. त्या नवी मुंबईच्या. स्वतः क्रिकेट खेळल्या, मग सामन्यांचे गुण लिहू लागल्या, मग पंचाची परीक्षा दिली. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकाच्या पुरुषांच्या सामन्यात पंच म्हणून ज्या पहिल्या तीन बाया उभ्या राहिल्या, त्यांतल्या त्या एक. म्हणजे त्याही वहीपासूनच वर गेल्या. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत, तेही सांगितले. मुलीने आपली प्रमाणपत्रे पेटीतून काढून नीट लावावीत, क्रीडा अधिकाऱ्याच्या परीक्षेची माहिती घ्यावी, असेही म्हणालो. पोट भरेलच असे वचन मात्र आम्ही दिले नाही. तसे वचन कोणी देऊ नये.

माउली बराच वेळ गप्प होती. मग तिने पोरीकडे पाहून विचारले, "थ्या परीक्षेले किती पैसे लागते वो?"

बंधू-भगिनींनो, तिने विचारले ते आपण सगळ्यांनी विचारावे. आपली पोरगी छान खेळते, एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस गेले. आता विचारावे, तिच्या मंडळात सभासद कोण, तिचा पंच कोण, तिची निवड करणारा कोण, आणि त्या जागेवर ती स्वतः केव्हा बसणार. येत्या पौर्णिमेला विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा हा विषय काढा. सात नावे लिहून काढा. सात नावे निघाली तर आम्हाला जरूर कळवा. पहिल्या सामन्याला आम्ही येऊ, आणि मंचावर न बसता सतरंजीवर बसून टाळ्या वाजवू.

जयभीम.